राउंडमध्ये गप्प उभा राहिलेला मुलगा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी बालरोग विभागात शिकवते. सकाळचा राउंड चालू होता. पोषण पुनर्वसन केंद्रात, आम्ही त्याला एनआरसी म्हणतो, सातव्या खाटेवरची आई पिशवी बांधून बसली होती. धडगावकडच्या वरच्या पाड्यावरची, पावरा समाजातली. मूल दीड वर्षाचं आणि वजन साडेपाच किलो. अशा मुलाला चौदा दिवस ठेवायचं असतं. तो चौथा दिवस होता. रेसिडेंटने तिला मराठीत विचारलं, मग हिंदीत विचारलं, मग तेच मराठी वाक्य आवाज चढवून विचारलं. शेजारी बसलेली सासू हातवारे करत भराभर काही सांगत होती. बुडीत मजुरी मिळते, जेवण मिळतं, तरी ही माणसं थांबत नाहीत, असं कुणीतरी मागून म्हणालं. दुपारी केसपेपरवर 'डामा' पडलं, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं. खाली नेहमीची ओळ : वारंवार समजावूनही नातेवाईक तयार नाहीत. त्याखाली आईचा अंगठा.

संध्याकाळी तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन घुटमळत राहिला. आत बोलावलं तर म्हणाला, "मॅडम, ती आजी काय सांगत होती ते मला कळत होतं." आजी सांगत होती की घरी दोन नाती आहेत, मोठी सहा वर्षांची. त्यांना शेजारणीकडे ठेवलंय आणि ती शेजारीण परवा ऊसतोडीला गुजरातेत निघणार. मुलींची कुठेतरी सोय लावून मंगळवारी परत येतो, तोवर ही खाट दुसऱ्याला देऊ नका. एवढंच म्हणणं होतं तिचं.

"तुला कसं कळलं?"

"माझी भाषा आहे ती."

"मग राउंडमध्ये बोलला का नाहीस रे?"

तो बराच वेळ फरशीकडे बघत होता. मग म्हणाला, "आडनावावरून सगळ्यांना माहीतच आहे मॅडम, मी कुठला ते. त्यात आणखी भाषा बोलून दाखवायची..." वाक्य त्याने पुरं केलं नाही.

मंगळवारी ती आई आली नाही. पुढच्या आठवड्यात आशाताईंना फोन लावला तेव्हा समजलं की मुलींना ठेवायला कोणी मिळालं नाही, म्हणून सगळं घरच ऊसतोडीला गेलं. मूलही बरोबर गेलं.

त्या राउंडला मी होते. मीही काही विचारलं नाही.

महाराष्ट्रात आदिवासी भागातलं कुपोषण, बालमृत्यू, रिकामी पदं यांवर दर पावसाळ्यात लिहिलं जातं आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. रस्ते नाहीत, ॲम्ब्युलन्स येत नाही, डॉक्टर टिकत नाहीत, हे सगळं खरं. पण त्या सकाळी यातलं काहीही कमी नव्हतं. खाट होती, आहार होता, औषधं होती, तीन डॉक्टर आणि आठ विद्यार्थी उभे होते, आणि त्यांच्यात तिची भाषा जाणणाराही होता. तरी मूल उपचार अर्धवट टाकून घरी गेलं, कारण त्या एका जाणत्या मुलाला आम्ही अडीच वर्षांत शिकवलं होतं की तुला जे येतं ते इथे दाखवायचं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे : आरोग्यातली विषमता आमच्या वर्गातही तयार होते. ज्याला कॉलेजात स्वतःचं घर लपवावं लागतं, तो रुग्णाला त्याच्या घराबद्दल विचारायचंही हळूहळू सोडून देतो. म्हणून मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी कुठल्याही अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला आपलेपणा वाटणं हा वसतिगृहाच्या वॉर्डनपुरता किंवा समुपदेशकापुरता विषय नाही. त्याचा परिणाम थेट खाटेपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के आणि अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. त्या भरतात. म्हणून आपण समजतो की प्रतिनिधित्वाचं काम झालं. पण पहिल्या दिवशी वसतिगृहात दोन प्रश्न विचारले जातात : नीटचा स्कोअर किती, आणि ओपनचा की कॅटेगरीचा. पहिला प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्याचंच सभ्य रूप असतं. तेव्हापासून त्या मुलाच्या डोक्यावर एक ओझं बसतं. तो चुकला तर 'कॅटेगरी' चुकली, तो उत्तर देऊ शकला नाही तर 'कॅटेगरी'ला येत नाही. ओपनच्या मुलाची चूक मात्र त्याची एकट्याची राहते. मग असा मुलगा क्लिनिकमध्ये मागच्या रांगेत उभा राहतो. मागच्या रांगेतून रुग्णाच्या पोटाला हात लागत नाही आणि हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. वर्षअखेरीस आम्ही म्हणतो, याचं क्लिनिकल कच्चं आहे.

हे माझ्या एकटीच्या मनातलं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या तक्रारी तपासायला सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. २००७ साली आलेल्या तिच्या अहवालात हेच तपशिलाने आलंय : अनुसूचित जाती-जमातींची मुलं त्रासामुळे खोल्या बदलत बदलत वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटत गेली, तोंडी परीक्षेत जातीचा अंदाज घेणारे प्रश्न आले, शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळाला नाही. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या संस्थेतली ही स्थिती. त्यानंतर बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी २६ वर्षांची मुलगी. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला अशी तिच्या घरच्यांची तक्रार आहे आणि खटला न्यायालयात आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. मला तिच्या आईचं, आबेदा तडवी यांचं, पुढचं पाऊल महत्त्वाचं वाटतं. हैदराबाद विद्यापीठात २०१६ मध्ये आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आईबरोबर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांनी मागणी केली ती उच्च शिक्षणातला भेदभाव रोखणारी यंत्रणा प्रत्यक्ष चालवण्याची. आपली लेक गेल्यावर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या या दोन आयांना आमच्या कॉलेजांनी काय उत्तर दिलं? बहुतेक ठिकाणी अँटी-रॅगिंगचा फलक मोठा केला.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो घेणारी माणसं वाईट नसतात. माझे काही ज्येष्ठ सहकारी मनापासून म्हणतात, "आम्ही जात बघत नाही. पेशंट तो पेशंट, विद्यार्थी तो विद्यार्थी. सगळ्यांना सारखंच." त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या सकाळी आमच्या रेसिडेंटनेही सगळ्यांना सारखंच सांगितलं होतं, एकाच मराठीत. पाच आयांना ते कळलं आणि सहावीला कळलं नाही.

दुसरा आक्षेप मेरिटचा. एमबीबीएसची परीक्षा सगळ्यांना एकच असते, उत्तीर्ण व्हायचे गुण एकच असतात, हे पुन्हा सांगायला लागू नये. मला वेगळंच विचारायचं आहे. नीटमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तपासलं जातं, तपासलं जावं. पण कोरकू, माडिया, पावरी, भिलोरी बोलता येणं, ऊसतोडीचं वेळापत्रक ठाऊक असणं, पाड्यावर पाणी कुठून येतं ते माहीत असणं, हे सगळं आदिवासी रुग्णाच्या उपचारासाठी लागणारं ज्ञान आहे आणि ते लातूरच्या कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. ते घेऊन जो मुलगा येतो त्याला आपण 'कमी गुणांचा' म्हणतो आणि पाच वर्षांत ते ज्ञान त्याच्याकडून पुसून टाकतो. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखण्याचा कायदा केला. त्याआधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं जात होती, पहिल्याच वर्षी तीनशेच्या वर गेली. आपल्याकडे आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांचा असा विचार का होऊ नये?

आणि रुग्णाला आपलं माणूस लागतं, ही कल्पना मराठी माणसाला नवी आहे का? १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाई जोशी श्रीरामपूरला, बंगालमधल्या, एका सभेत उभ्या राहिल्या आणि आपण का जातो आहोत ते त्यांनी सांगितलं : या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्या आहेत. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या, आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, गेल्या. स्त्रीला पुरुष डॉक्टरपुढे जे बोलता येत नाही ते स्त्रीपुढे बोलता येतं, हे आज कोणी नाकारत नाही. स्त्री डॉक्टरांमुळे दर्जा घसरला असंही कोणी म्हणत नाही. मग हाच न्याय कोरकू आईला लावताना आपली जीभ का अडखळते?

आता गडचिरोलीबद्दल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात 'गडचिरोलीला टाकीन' ही धमकी असते. आमच्याकडेही आहे. एकदा एका वरिष्ठांनी भर वर्गात, उशिरा आलेल्या मुलांना, "असंच चाललं तर गडचिरोलीला बाँड करायला लागेल," असं सुनावलं. वर्ग हसला. तिसऱ्या बाकावर गडचिरोलीची एक मुलगी होती. तिचं गाव, जिथून बापाने शेळ्या विकून तिला इथवर पाठवलं, ते शिक्षेचं ठिकाण आहे हे तिला शिक्षकाकडून कळलं. आणि आपण अपेक्षा करतो की ती पदवी घेऊन तिथे परत जाईल.

बाँडची भाषाही तीच आहे. एक वर्ष ग्रामीण सेवा करा, नाहीतर दहा लाख रुपये भरा, असं आम्ही मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. ज्यांच्या घरी दहा लाख होते त्यांचं गाव सुटलं. जी सेवा पैसे भरून टाळता येते ती दंडच ठरते, आणि दंड भोगायला आलेल्या डॉक्टरकडे गावही तसंच बघतं. ग्रामीण भागात डॉक्टर टिकावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये शिफारशी केल्या. त्यात शिक्षणाबाबतची ठळक शिफारस अशी की ग्रामीण भागात वाढलेल्या मुलांना प्रवेश द्या, कारण तीच परत जाण्याची शक्यता जास्त असते. 'कॅटेगरीतून आलेलेही शेवटी पुण्यातच राहतात' असं जे म्हणतात त्यांना मी विचारते की पाच वर्षं त्यांना आपण काय ऐकवलं?

हे वेगळं करता येतं, आणि या महाराष्ट्रातच करून दाखवलं गेलं आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांचं शिक्षण आश्रमात राहण्यापासून सुरू होतं आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेऊन तिथे मुक्कामाला जाते. त्याच कॉलेजातले डॉ. उल्हास जाजू गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवत. ज्वारी विमा म्हणतात त्याला. ज्याच्या शेतात जास्त पिकतं त्याने जास्त द्यायची, उपचार सगळ्यांना. विषमतेवरचं एखादं व्याख्यान मुलं विसरून जातील, पण खळ्यावर ज्वारी मोजून घेतलेली विसरणार नाहीत.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि त्यासाठी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यातल्या पुष्कळ दलित, पुष्कळ अक्षरओळख नसलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावी जाऊन करायचं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, कुपोषण. ज्या गावात यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच गावात यांच्या हातचं औषध चालू लागलं. पुढे जगभरातून डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा या बायका त्यांच्यापुढे शिक्षक म्हणून बसल्या.

गडचिरोलीत, ज्या गडचिरोलीची आपण धमकी देतो तिथे, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला : ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यांनी दवाखाना कसा हवा असं आदिवासींना विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना राहू देत नाहीत, आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं गेलं. गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्यूचं प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी खाली आलं. तो निबंध १९९९ चा. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्यामागे हे काम आहे.

ही तिन्ही कामं आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत टिपा म्हणून येतात. त्यांनी ती पाठ केलेली असतात.

अभ्यासक्रमात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा भाग आहे, एटकॉम म्हणतात. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास आहेत. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घ्यायची अशी योजना आहे. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात स्थानिक भाषा म्हणजे राजस्थान-केरळहून आलेल्यांना मराठी, आणि मराठी आलं की भाषेचा विषय संपला. नंदुरबारला, मेळघाटला, भामरागडला स्थानिक भाषा कोणती हे आम्ही विचारलेलंच नाही. एटकॉमच्या तासाला 'सहानुभूती' शिकवतात आणि त्यावर पाच गुणांची टीप येते.

आणि कुटुंब दत्तक योजना! सकाळी दहाला बस निघते, अकराला गावात, फ्लेक्ससमोर फोटो, घरोघर बीपी, हिमोग्लोबिन, फॉर्म भरायचा, दोनला परत. माझ्या बरोबरच्या गटातली एक मुलगी एका म्हाताऱ्या आजींचा फॉर्म भरत होती. 'घरात शौचालय आहे का', 'आहे'. 'पिण्याचं पाणी', 'नळ'. आजी मध्येच म्हणाल्या, "बाई, तू कोणाची?" मुलगी गोंधळली, मग वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आजींनी ते गाव कुठल्या रस्त्याला लागतं, तिथे कोणाची सोयरीक आहे, असं सगळं काढलं आणि मग स्वतःहून सांगायला लागल्या की नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, की बीपीची गोळी त्या एक दिवसाआड घेतात कारण आणायला जायचं तर रिक्षाचे साठ रुपये लागतात. फॉर्मवर यातल्या कशालाच रकाना नव्हता. त्या मुलीने ते समासात लिहिलं. माझ्या मते त्या दिवशी गटातल्या सर्वांत चांगल्या हिस्टरीला, म्हणजे रुग्णाकडून काढून घेतलेल्या माहितीला, एकही गुण मिळाला नाही.

'तू कोणाची' हा प्रश्न गावात सहज विचारला जातो. आमच्या कॉलेजात तोच प्रश्न ऐकला की काही मुलांच्या पोटात गोळा येतो. हा फरक आधी मिटला पाहिजे, मग योजना.

बीडचं उदाहरण घ्या. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली त्यात ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आमच्यासारख्याच कॉलेजांतून शिकून गेले. काहींनी पैशासाठी केल्या असतील. पण मी शिक्षक म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा विचार करते, ज्यांना खरंच वाटलं असेल की बाईच मागते आहे तर करून टाकू. ती का मागते हे कळायला तीन शब्द यावे लागतात. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघं मिळून एक कोयता. आणि खाडा, म्हणजे एका दिवसाची गैरहजेरी, जिच्यासाठी मजुरी तर जातेच, वर दंड भरावा लागतो. पाळीच्या चार दिवसांत खाडा पडतो. हे ज्याला माहीत आहे त्या डॉक्टरसमोर बाई 'पिशवी काढून टाका' म्हणाली तर तो आधी खाड्याबद्दल विचारील. आमच्या वर्गात ऊसतोड कामगाराची मुलं बसलेली आहेत. गर्भाशयाच्या आजारांचा धडा घेताना त्यांना हे तीन शब्द फळ्यावर लिहायला कोणी सांगितलंय?

आपलेपणाचा प्रश्न जातीपुरता किंवा भाषेपुरता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला, की बोलण्याशी निगडित अपंगत्व ठरावीक टक्क्यांहून जास्त आहे एवढ्यावरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे पाहावं लागेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या अभ्यासक्रमाच्या सूचनांत समलैंगिक संबंध पुन्हा लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत गेले होते आणि ओरड झाल्यावर त्या मागे घ्याव्या लागल्या. पुस्तकात ज्याला गुन्हा म्हटलं आहे तो विद्यार्थी त्याच बाकावर बसून ते पान वाचत असतो, हे लिहिणाऱ्यांच्या मनात आलं नसावं.

मग करायचं काय? फिलिपिन्समध्ये लेते बेटावर १९७६ साली विद्यापीठाने एक आरोग्य विद्यालय काढलं. तिथे मुलं गावाने निवडून पाठवायची. आधी सुईण व्हायचं, मग गावात काम, मग गावाने पुन्हा पाठवलं तर परिचारिका, मग पुन्हा काम, आणि त्यातूनच पुढे डॉक्टर. एकाच शिडीच्या पायऱ्या. आपल्याकडे आशाताई, एएनएम (आरोग्यसेविका), सिस्टर आणि डॉक्टर यांच्यात शिडी नाही, मजले आहेत, आणि जिना कुठेच नाही. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशाताई आहेत. त्यांतली एखादी पंचवीस वर्षांची, बारावी झालेली, रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन येणारी मुलगी डॉक्टर का होऊ शकत नाही याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. असा रस्ता काढायला कायदा लागेल, वर्षं लागतील. पण काही गोष्टींना कायदा लागत नाही. रुग्णाची भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याला क्लिनिकमध्ये पुढे उभं करायला परवानगी लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एक तरी रुग्ण स्थानिक बोली बोलणारा ठेवायला, आणि संवाद कसा झाला ते त्या रुग्णालाच विचारायला, विद्यापीठाची फार तर एक ओळ लागेल. वर्गात गडचिरोलीची धमकी द्यायची नाही, याला तर काहीच लागत नाही.

आमच्या विभागात आम्ही केसपेपरच्या आत एक चिठ्ठी जोडायला सुरुवात केली आहे. दोन प्रश्न आहेत : घरी कोणती भाषा बोलता, आणि घरी मागे कोण आहे. निम्म्या केसपेपरांवर ती अजून कोरीच राहते, विशेषतः रात्रीच्या ॲडमिशनला. रेसिडेंट दमलेले असतात, मी त्यांना दोष देत नाही. तो मुलगा आता इंटर्न आहे. त्याच्या ड्यूटीत चिठ्ठी कोरी नसते. राउंडमध्ये तो अजूनही हळूच बोलतो, पण बोलतो.

त्याच्यावर सगळा भार टाकणं मात्र बरोबर नाही. त्याला बालरोगतज्ज्ञ व्हायचंय, दुभाषा नाही. खरं तर आमच्या वॉर्डात दुभाषाचं काम कित्येक वर्षं एकच व्यक्ती करत आली आहे, आमच्या सफाईच्या मावशी. त्याही पावराच. पोछा मारता मारता डॉक्टर हाक मारतात, "ओ मावशी, हिला सांगा जरा," आणि त्या हात पुसत येतात. या कामाची नोंद नाही, पैसे नाहीत, आणि त्या सकाळी त्यांची रजा होती.

पुढच्या महिन्यात नवी बॅच येते आहे. फाउंडेशन कोर्समध्ये या वेळी पावरीचे चार तास ठेवले आहेत : दुखतं कुठे, किती दिवस झाले, मूल दूध पितं का, घरी कोण आहे. शिकवायला मावशींनाच बोलावलं आहे, मानधनासह. परवा त्या विचारत होत्या, लेक्चर हॉलमध्ये खाली बसून शिकवायचं का उभं राहून. मी म्हटलं, आम्ही सगळे जिथे उभे राहतो तिथेच, फळ्यापाशी.